जिभेवर राहिलेला शब्द

तीन वर्षांपूर्वीच्या एका सकाळपासून माझ्या जिभेवर एकच शब्द उरला, आणि तो शब्द म्हणजे एक घाणेरडी शिवी. ती कोणती ते इथे लिहीत नाही. माझ्या घरच्यांनी ती पुरेशी ऐकली आहे. हे लिखाण मी डाव्या हाताने करतो आहे. दिवसाला चार-पाच ओळी होतात. शब्द डोक्यात दिसतो, पण हातापर्यंत येता येता निसटतो. मग सुनबाई शेजारी बसून दोन-तीन शब्द सुचवते आणि बरोबर असेल त्यावर मी बोट ठेवतो. असे करत पाच महिन्यांत एवढे झाले. देवाने माझ्यासाठी काही केले की नाही, याचा निवाडा मी करत नाही. घडले ते सांगतो.

मी प्राथमिक शिक्षक होतो. पिंपळवंडीला बरीच वर्षे काढली, आणखी दोन-तीन गावे झाली, आणि निवृत्तीनंतर आमच्या लोणीला कायमचा आलो. गळ्यात तुळशीची माळ होती. एकादशीच्या भजनात चाल मी म्हणायचो आणि बाकीचे मागून उचलायचे. शाळेत एखाद्या पोराने शिवी दिली तर मी त्याला हापशावर नेऊन चूळ भरायला लावत असे. माझ्या तोंडून कधी वावगा शब्द गेला नाही, असे गावात सगळे म्हणायचे. मलाही ते ऐकायला आवडायचे, हे आज कबूल करतो. एका वर्षी सप्ताहात गावातला एक ट्रॅक्टरवाला वीणा घेऊन पहाऱ्याला उभा राहणार होता. त्याच्या बोलण्यात दर वाक्याला शिवी असे. ज्याची जीभ बाटलेली आहे त्याने वीणेला हात लावू नये, असे मी चारचौघांत बोललो. तो देवळाच्या पायऱ्या उतरून गेला. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

त्या सकाळी मी गाईला वैरण टाकत होतो. उजव्या हातातली पेंढी गळून पडली. ती उचलायला वाकलो आणि तिथेच कोसळलो. मंचरच्या दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा मुलगा समोर होता. तो चाकणला कंपनीत आहे, ड्यूटीच्या कपड्यांवरच धावत आला होता. त्याने विचारले, "आबा, ओळखलं का मला?" मला त्याचे नाव घ्यायचे होते. नाव मनात स्वच्छ होते. तोंड उघडले आणि ती शिवी बाहेर पडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच. पाणी मागायला गेलो, तीच. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. मुलगा हसला नाही. डॉक्टर म्हणाले की मेंदूत बोलणे तयार होते त्या जागेला इजा झाली आहे, अशा वेळी कधी कधी एखादाच शब्द उरतो, आणि तो कोणता उरेल हे कोणाच्या हातात नसते. मला समजत सगळे होते. न समजते तर बरे झाले असते, असे तेव्हा वाटे.

तो शब्द कुठून आला हे घरात फक्त मला ठाऊक होते. तो माझ्या वडिलांचा शब्द होता. ते तो बैलाला वापरत आणि आईलाही वापरत. भाकरी करपली की, पाणी तापायला उशीर झाला की, ते उंबऱ्यातून तो तिच्यावर फेकत. आई मान खाली घालून पदराने चुलीतला धूर वारीत राही. मी सात-आठ वर्षांचा असताना हा शब्द माझ्या तोंडातून कधीही येणार नाही असे ठरवले. माळ घातली, शिक्षक झालो, भजनात उभा राहिलो, ते सगळे वडिलांसारखे न होण्यासाठी होते असे आज मागे पाहताना दिसते. साठ वर्षे मेहनत करून मी एक माणूस उभा केला होता. एका सकाळी तो पडला आणि त्याच्या आतून वडील निघाले.

सुरुवातीला माणसे भेटायला येत. मी तोंड उघडले की काही जण नजर दुसरीकडे फिरवत, काही जण ओठ दाबून हसत. तो ट्रॅक्टरवालाही आला. मला त्याची माफी मागायची होती आणि मी त्याला शिवी दिली. त्याने जमिनीकडे पाहिले. मग म्हणाला, "आसू द्या मास्तर. मला सवय हाय." त्याच्या मनात काही वाईट नव्हते, तरी ते वाक्य मला कितीतरी दिवस टोचत राहिले. हळूहळू येणे-जाणे थांबले. भजनही थंडावले, कारण चाल धरणारा कोणी नव्हता. मी तोंड बंद ठेवायला शिकलो. घरात माणसे असूनही घर रिकामे वाटायचे. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली होती. ती असती तर या शब्दामागचा माणूस तिने ओळखला असता, एवढाच विचार पुन्हा पुन्हा येई.

मग माझी नात ओवी, तेव्हा चार वर्षांची, अंगणवाडीत तो शब्द बोलली. बाईंनी सुनेला बोलावून घेतले. त्या दिवसापासून सुनबाई ओवीला माझ्याजवळ फार वेळ राहू देईना. मी पडवीत आलो की ती लेकीचे बोट धरून आत नेई. ती कधी रागावली नाही, जेवणाचे ताट वेळेवर आणून ठेवी, औषध हातावर देई. तिचे काही चुकतही नव्हते. माझी आईसुद्धा मला असेच वडिलांपुढून उचलून आत न्यायची. ते आठवले आणि मी उठलो, गळ्यातली माळ डाव्या हाताने काढली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. अशा तोंडाच्या माणसाने ती घालू नये, हा माझाच नियम होता.

तरी देवळात जाण्याची सवय सुटली नाही. दुपारी मात्र जायचो, कोणी नसताना. फाल्गुनाचे दिवस होते, गावात कांदा काढणी चालू होती आणि झाडून सगळे रानात. त्या दुपारी मी काठी टेकत देवळात आलो तर सभामंडपात एक अनोळखी म्हातारा बसलेला. पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, शेजारी अवजारांची पिशवी. आमचा पखवाज खुंटीवरून काढून त्याने मांडीवर घेतला होता आणि त्याच्या सैल पडलेल्या चामड्याच्या वाद्या ओढत होता. कोण तुम्ही, असे मला विचारायचे होते. तोंडातून शिवी गेली. देवासमोर, एका परक्या वयस्कर माणसाला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

त्याने वर पाहिले. माझा वाकडा पाय पाहिला, लुळा हात पाहिला. मग तो सावकाश म्हणाला, "बसा भाऊ. उन्हातनं आलाय." आणि पुन्हा वादी ओढू लागला. "जुन्नरचा मी. पखवाज, तबला, ढोलकी, समदं करतो. पन्नास वर्सं झाली. लोणीत देवळात पखवाज उतरलाय म्हणून फोन आला व्हता. हितं तर कुणी न्हाईच." थोड्या वेळाने त्याने डाव्या बाजूच्या पुडीवर, म्हणजे कातड्यावर, बोट आपटले. "हिला कणीक लागंल. लिंबाएवढा गोळा. घरनं आणता का?"

कित्येक महिन्यांत मला कोणी काम सांगितले नव्हते. सगळे मला सांभाळत होते, काम कोणी सांगत नव्हते. मी काठी टेकत घरी गेलो, सुनेला पिठाचा डबा दाखवला, मूठ वळून दाखवली. तिला कळायला वेळ लागला. मग तिने कणीक मळून वाटीत गोळा दिला. मी तो छातीशी धरून परत आलो.

म्हाताऱ्याने कणीक पुडीच्या मधोमध थापली, पाण्याचा हात फिरवला, थाप मारून पाहिली. पुन्हा थोडी काढली, पुन्हा थापली. घुमारा हवा तसा आला तेव्हा त्याने डोळे मिटले आणि भजनी ठेका धरला. तो ठेका मी आयुष्यभर ऐकलेला. दोन आवर्तने झाली. तिसऱ्याला त्याने एक तिहाई घेतली, समेवर आला, आणि माझ्या तोंडातून निघाले, "हरी."

मी दचकलो. त्याने डोळे उघडले नाहीत, ठेकाही थांबवला नाही. पुढच्या समेला पुन्हा आले, आणि मग मागचे शब्द आपोआप येऊन जोडले गेले. जय जय राम कृष्ण हरी. आवाज फाटका होता, उजवा गाल हलत नव्हता, पण चालीत होते आणि शब्द पुरे होते. किती वेळ म्हणत होतो सांगता येत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा असूनही मी पुसले नाही.

मी थांबलो तेव्हा सुनबाई वाटी न्यायला आली होती, ओवीचे बोट धरून पायरीवर उभी. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आबा, तुमी गायलात." मला तिला नावाने हाक मारायची होती. ठेका थांबला होता. आली ती शिवीच.

माझी मान खाली गेली. म्हातारा पखवाजावर कापड फिरवत तिला म्हणाला, "पोरी, ह्ये तोंडाचं हाय, ह्यांचं न्हाई. आतला माणूस दुसराच हाय. आत्ता आयकलंस न्हवं तू?" सुनबाईने ओवीचे बोट सोडले. ओवी पळत आली आणि तिने माझ्या मांडीवर बसून पखवाजाला हात लावला. तो मऊ गोळा तिला फार आवडला.

सुनेने त्या म्हाताऱ्याला 'चाचा' म्हणत चहा आणि भाकरी दिली, मी मास्तर होतो हेही सांगितले. जाताना ते म्हणाले, "जुन्नरला पखवाजवाला म्हणून इचारा, कुणीबी दावील." संध्याकाळी मुलाने भजनाच्या सगळ्या माणसांना विचारले. आमच्यापैकी कोणी त्यांना बोलावले नव्हते. फोन दुसऱ्याच एका लोणीहून गेला होता. या नावाची गावे आपल्या जिल्ह्यात काय कमी आहेत. म्हातारा चुकीच्या एसटीत बसून चुकीच्या गावात उतरला होता.

पुढच्या तपासणीला मुलाने डॉक्टरांना हे सांगितले. ते म्हणाले की असे होते, गाणे मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असते, ते शाबूत राहते, आणि ठेक्यावर बोलायचा सराव केला तर काही शब्द परत येतात. मला त्यांचे म्हणणे पटले. मी मांडीवर डाव्या हाताने ठेका धरून शब्द म्हणू लागलो. ओवीचे नाव यायला एक महिना लागला. ट्रॅक्टरवाल्याची माफी मी पुन्हा सुरू झालेल्या एकादशीच्या भजनात मागितली, चालीत, सगळ्यांसमोर, कारण दुसऱ्या कोणत्या प्रकारे मला ती मागताच आली नसती. त्याने येऊन माझ्या हातात टाळ दिले. माळ त्याच दिवशी पुन्हा गळ्यात आली.

नंतर मी एकटा जुन्नरला गेलो. मुलगा सोबत येतो म्हणत होता, मी हातानेच नको म्हटले. खिशात पत्त्याची चिठ्ठी होती, ती कंडक्टरला दाखवायची. मंचरला गाडी बदलली, नारायणगावला बदलली. सगळ्या वाटेत मी गुडघ्यावर बोटे आपटत एकच वाक्य घोळवत होतो, तुमचे उपकार झाले. बाजारातल्या एका अरुंद गल्लीत त्यांचे दुकान सापडले. ते ढोलकीच्या पुडीवरची काळी शाई दगडाने घोटत होते. त्यांना पाहिले आणि माझा ऊर इतका भरून आला की ठेका सुटला. बोटे थांबली. मी तोंड उघडले आणि त्या भल्या माणसाला, त्याच्याच दारात उभा राहून, तीच शिवी दिली.

गल्लीतली दोन माणसे वळून पाहू लागली. चाचांनी हातातला दगड खाली ठेवला, उठून उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "पोचलं, मास्तर. आत या, बसा."

त्या एका शब्दाने माझे ओझे उतरले. मी चांगला आहे हे सिद्ध करण्यात मी जन्म घालवला होता. लोकांपुढे, वडिलांपुढे, देवापुढेही. बोलता येईना झाल्यावर मला वाटले, आता सिद्ध कसे करू. चाचांच्या दुकानात चटईवर बसलो असताना पहिल्यांदा जाणवले की कोणी पुरावा मागतच नव्हते. आणि माझ्या वडिलांच्या तोंडामागेही कदाचित कोणी दुसराच माणूस होता, जो आम्हाला कधी ऐकूच आला नाही. त्यांच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे रडलो. चाचा काम करत राहिले.

एकटेपणा अजून आहे. मला अठरा-वीस शब्द येतात, त्यावर गप्पा होत नाहीत. पारावर बसलो की माणसे माझ्या शेजारी बसून एकमेकांशी बोलतात. पण दुपारची वेळ चोरून देवळात जाणे मी सोडले आहे. सकाळी सगळ्यांच्या देखत जातो, विठोबापुढे उभा राहतो आणि तोंड उघडतो. कधी नाम येते, कधी शिवी येते. जे येईल ते त्याच्या पायांवर ठेवतो. त्यातले काय घ्यायचे ते त्याचे तो निवडतो.