काकूंच्या नावाची पत्रं

तीन आठवडे दुकानातला फोन वाजला नाही, तेव्हा मशीनकाकांनी ठरवून टाकलं, की लोकांनी कपडे शिवणंच सोडलं. उभा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? काकू जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून त्यांना कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. फोन गप्प तर गप्प. खोटं कशाला बोला, त्यांना बरंच वाटलं.

खरा प्रकार लेकीने सांगितला. दुकानाची वेबसाइट उघडली की आता चपलांच्या जाहिराती दिसत होत्या.

साइट काकूंची. पन्नाशी उलटल्यावर शिकून त्यांनी ती उभी केली. दोरा का तुटतो, सुई का अडते, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरं लिहिली. काकांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनखाली साइटच्या नावाची पट्टी चिकटवली. दूरदूरचे शिंपी ती बघून साइट वाचायचे, मग फोन करायचे. वाचली नव्हती ती फक्त काकांनी. सावकाश वाचू, म्हणत राहिले.

साइटचं नाव दरवर्षी नव्याने नोंदवावं लागतं, हे काकांच्या गावीही नव्हतं. मुदत संपत आल्याच्या, मग संपल्याच्या सूचना येत होत्या, पण काकूंच्या मेलवर. पासवर्ड काकूंच्या मशीनच्या खणात लिहिलेला होता, काकांना पाठ होता. तरी मेल उघडला नव्हता. लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी काकूंच्या आईचं पत्र फोडलं होतं, तेव्हा काकूंनी दोन दिवस अबोला धरला होता. तेव्हापासून या घरात कोणी दुसऱ्याचं पत्र उघडत नसे. काकू गेल्या, नियम राहिला.

नोंदणीच्या कंपनीतल्या बाईंना काकांनी फोन लावला. त्यांनी शांतपणे समजावलं, की आजचा शेवटचा दिवस. उद्यापासून हे नाव कोणीही घेऊ शकेल आणि मग त्या सगळ्या पट्ट्या वाचणारे परक्याच्या दारात जातील. मालकाच्या मेलवर एक आकडा पाठवते, तेवढा सांगा. मालकीण वारली, असं काका म्हणाले. बाईंनी नियम चाळले. कागदपत्रं करायची तर महिना जाईल, म्हणाल्या.

"तो मेल तुम्हाला उघडता येतो का?" त्यांनी हळूच विचारलं.

"येतो. पण आजवर कधी तिचं पत्र उघडलं नाही."

काका फार थकले होते. चष्मा पुसून त्यांनी मेल उघडला. एकाखाली एक अकरा सूचना होत्या आणि प्रत्येकीत काकूंना नमस्कार होता, जणू त्या आत भाकरी थापत बसल्या आहेत. काकांना रडू आलं. आकडा दोनदा चुकीचा सांगून तिसऱ्यांदा बरोबर सांगितला. काम झालं.

"पुढच्या वर्षीपासून सूचना तुमच्या मेलवर पाठवू ना?"

"नको. तिलाच पाठवा. मी उघडत जाईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी साइट परत दिसू लागली. काकांनी पहिलं उत्तर वाचायला घेतलं. दोरा, सुई, तेल असं सगळं सांगून झाल्यावर काकूंनी शेवटी लिहिलं होतं, 'एवढं करूनही जमलं नाही तर आमच्या ह्यांना फोन करा. पहिल्यांदा उचलणार नाहीत. पुन्हा करा.'

तिन्हीसांजेला फोन वाजला. काकांनी तो पहिल्या खेपेलाच उचलला.