काकूंनी पेढा परत पाठवला

डोंबिवलीकरांनो, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

विधानसभेच्या मतदानाला आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावरच्या लेले काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "राहू दे रे, माझ्या एका मताने काय होणारे?" म्हणत होत्या. मीच पटवलं. आम्ही चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं.

आमचा उमेदवार आमदार झाला. आज सकाळी कळलं, प्रचारात ज्या पक्षाच्या नावाने बोटं मोडत होता, त्याच पक्षात आख्खा गट घेऊन गेला. दुपारी त्याचे कार्यकर्ते घरोघरी पेढे वाटायला हजर, गळ्यात नवीन उपरणं!

अरे, आमच्याकडे गेटचा रंग बदलायचा तरी जनरल बॉडी बोलावतात. याला पक्ष बदलायला आम्हाला विचारावंसं वाटलं नाही? राजीनामा दे, पुन्हा मतं माग. एवढा साधा नियम का नाही आपल्याकडे?

संध्याकाळी काकूंनी बोलावलं. ओरडल्या नाहीत.

"पेढा मी परत पाठवला," म्हणाल्या. "मत कसं परत घ्यायचं, ते तू सांग. न्यायला तूच आला होतास."

कुणाला उत्तर माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका. मला परत चौथ्या मजल्यावर जायचंय.