फिल्टरखालची बोटभर जागा

शोभावहिनींचं नाव आधी घेतो. त्या दुपारी त्यांनी फोन उचलला आणि माझे गॅरेजातले उस्ताद मधुकरदादा यांच्या कानाला धरून ठेवला. दादा परभणीत दवाखान्यात आहेत, नाकाला ऑक्सिजन लावलाय, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी इकडं कर्नाटकात खडी क्रशरवर जनरेटर सांभाळतो. "दादा हायेत का?" म्हणालो. "हायेत, बोला," एवढंच वहिनी म्हणाल्या. मग पाव तास मी एका ऑइल फिल्टरबद्दल विचारत राहिलो. तिसऱ्या दिवशी दादा गेल्याचा फोन आला. रजा मिळाली नाही, मातीला पोचलो नाही. दीड महिना झाला... त्यांच्या उरलेल्या श्वासांतले किती मी खर्च केले, हे अजून कळत नाही.

आठवीत शाळा सुटलेली. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करत पंचविशी गाठली, तेव्हा जिंतूर रोडवरच्या दादांच्या गॅरेजात काम शिकायला शिरलो. दोन वर्षांत थोडं येऊ लागलं आणि मला शिंगं फुटली. पेडगावच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याच्या पिकअपला मी दादांना न विचारता लांब फिल्टर बसवला. तेल जास्त मावेल, इंजिन गार राहील, हा हिशेब. आटे जुळले, रबराची गादी जुळली, नवीन फिल्टरात मावलं तेवढं तेल वाढवून खुणेपर्यंत आणलं. पाहिलं नाही ते खाली. काळ्या रानातली वाट उन्हाळ्यात वाळली की दोन चाकोऱ्यांच्या मधला वरंबा दगडासारखा होतो. दुसऱ्याच दिवशी तो फिल्टरला लागला, पत्रा फाटला, सगळं तेल वाटेवर. तेलाचा लाल दिवा लागताच शेतकऱ्यानं गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं. दादा मला मागं बसवून मोटरसायकलवर तेलाचा डबा आणि जुन्या मापाचा फिल्टर घेऊन गेले. तो माणूस तापला होता. दादांनी त्याला, फिल्टर मीच बसवला, म्हणून सांगितलं आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. मी गाडीखाली शिरून फाटका फिल्टर खोलत राहिलो. परत येताना एवढंच म्हणाले, "गाडी गॅरेजात उभी ऱ्हायला नसती सतीश, शिवारात जाती."

इकडं जनरेटर बारा-बारा तास चालतो. धूळ आणि ऊन असं की तेल बघता बघता काळं होतं. इंजिन बसलं तर गाठोडं बांध, असं मालकानं सांगून ठेवलेलं. म्हणून मोठा फिल्टर लावायचं मनात आलं आणि धीर होईना म्हणून दादांना फोन लावला. त्यांचा आवाज बारीक येत होता. मी रेंजला दोष दिला आणि आणखी ओरडून बोललो. फिल्टरच्या आतला वॉल्व्ह पहिल्याएवढ्याच दाबावर उघडतो का ते दुकानदाराला विचार, म्हणाले. तेल टाकून इंजिन चालव, बंद कर, दम खाऊ दे, मगच तेल मोजायची पट्टी काढून बघ... हे ते थांबत थांबत सांगत होते. मला वाटलं, हातात काम असेल. मग त्यांनी विचारलं, "खाली जागा किती हाय?"

"दादा, जनरेटर हाय हा. कुठं शिवारात जायलाय?"

ते हसले. हसता हसता खोकला आला. "थरथरतंय तर की रे," म्हणाले. जाऊन पाहिलं तर लांब फिल्टर आणि लोखंडी चौकटीत बोटभर जागासुद्धा राहत नव्हती. घासून घासून महिन्यात भोक पडलं असतं. एक माप लहान घेतला. इंजिन चालू आहे, मीही कामावर आहे. रोज इंजिन बंद केलं की दम खाऊ देतो.

"तब्येत कशी हाय" हे मी विचारलंच नाही.

परवा वहिनींना तसं बोललो. त्या म्हणाल्या, "दोन दिस कुणाशी बोलले न्हवते भाऊजी. तुमच्याशी बोलले." हे माझं मन राखायला म्हणाल्या की खरंच, फोनवर समजत नाही. मग त्यांनी विचारलं, मधी हसले कशाला? त्यांना तर एकाच बाजूचं ऐकू आलेलं. "काही न्हाई, इंजिनाचंच," म्हणालो.

वहिनी, तुम्ही फोन बाजूला घेऊ शकला असता, घेतला नाही. त्याची परतफेड इथून व्हायची नाही. सुट्टी मिळेल तेव्हा परभणीला येईन, तुमच्यासमोर बसून माझ्या बाजूचं सगळं बोलणं सांगेन. हसण्याचं सांगेन. जे विचारलं नाही, तेही.