खाडीत सोडलेली पुडी

भाईंदरला जेसल पार्कच्या एका बिल्डिंगमध्ये सुचेताची ओळख एकच: ही बाई काही टाकत नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायची, फाटक्या पडद्यांची पायपुसणी करायची, आणि मिक्सर कधीचा मोडीत गेला तरी त्याचं खोकं माळ्यावर ठाण मांडून बसलेलं. नवरा उत्तम याच्या अगदी उलट. गिरगावची खोली सोडून इथे येताना आपण टाकलेलं निम्मं सामान हिने टेम्पोत परत चढवलं, हे तो चारचौघांत रंगवून सांगायचा.

दोन हजार साली उत्तमच्या पोटातून कॅन्सरची गाठ काढली. घरी सोडताना लॅबवाल्याने एक पाकीट हातात दिलं. आत प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत मेण, आणि मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. "सांभाळून ठेवा, पुढे लागू शकतो," एवढंच तो म्हणाला.

उत्तमला ते पाकीट घरात नको होतं. ज्याने आपल्याला आतून पोखरलं त्यालाच कपाटात जागा द्यायची, म्हणजे चोराला पाट मांडून जेवायला वाढण्यासारखं. त्याची झोप उडाली. सुचेताने काही दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी दोऱ्याने घट्ट बांधलेली पुडी निर्माल्याच्या पिशवीत ठेवून तिने ती त्याच्या हातात दिली. उत्तमने खाडीवर जाऊन पुडी स्वतः सोडली, घरी येऊन पोटभर घावन खाल्ले आणि त्या दिवसापासून तो ढाराढूर झोपू लागला. बायकोने जन्मात एक तरी वस्तू टाकू दिली, याचंच त्याला अप्रूप.

चार वर्षांनी रोग परत आला, आता यकृतावर. डॉक्टर मृणालिनी म्हणाल्या, "यावर नवी गोळी आलीय. पण ती एकाच जातीच्या गाठीवर चालते. तुमचा जुना तुकडा तपासला की कळेल. आहे ना घरी?"

"नसला तर?" उत्तमने विचारलं.

"नवा काढावा लागेल. पण ही गाठ जिथे बसलीय, तिथे सुई घालायची मला भीती वाटते."

दोघं घरी आली तसा उत्तम सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "सुचेता, मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला गं."

सुचेता आत गेली आणि कपाटातून पाटल्यांची लाल डबी घेऊन आली. पाटल्यांच्या खाली लॅबचं पाकीट होतं, शिक्क्यासकट.

उत्तम बघतच राहिला. "मग मी खाडीत काय सोडलं?"

"मेणबत्ती. लाइट गेली की लावायचो ना, तिचं उरलेलं टोक."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्हाला झोप हवी होती, मला हा तुकडा. दोन्ही जमत होतं, तर बोलू कशाला?"

उत्तमला खरं तर राग यायला हवा होता. त्याला आधी हसू आलं, आणि मग हसता हसता रडू आवरेना.

गाठ त्याच जातीची निघाली. गोळी सुरू झाली, मानवली, आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. तपासून उरलेला तुकडा लॅबने परत दिला. उत्तमने तो स्वतः डबीत ठेवला, वर पाटल्या रचल्या, कपाट लावलं आणि शेजारच्या पलंगावर जरा आडवा झाला. सुचेता चहा घेऊन आली तेव्हा तो घोरत होता.