सासूच्या घरचा लाल कोबा

लुआन्शा गावातल्या खाणकामगार वस्तीत लोम्बेला न ओळखणारा माणूस सापडणे कठीण होते. लोम्बे मात्र फारसा कुणाला तोंडावरून ओळखत नसे. तो पावलांवरून ओळखे. समोरून कुणी आले की आधी पायांकडे पाही आणि मग म्हणे, "काय न्कोले काका, टाच अजून भेगाळलेलीच?" ही सवय त्याला धंद्याने लावली होती. घरांतला आणि दुकानांतला जुना, खडबडीत, काळवंडलेला कोबा घासून, त्यावर लाल मेण चढवून तो आरशासारखा करणे हा त्याचा धंदा. ज्याच्या पोटाचा प्रश्न जमिनीवर सुटतो, त्याची मान सहसा वर येत नाही.

वस्तीने या खाली घातलेल्या मानेचा वेगळाच अर्थ लावला होता. "केवढा मर्यादशील मुलगा!" बायका एकमेकींना सांगत. "डोळा वर करून बघेल तर शपथ." लोम्बेचा एकूण स्वभाव पाहता या गुणाचा त्याच्याशी काही संबंध असावा असे वाटत नाही. तो चिरा शोधत असे, इतकेच.

कामाची त्याची पद्धत ठरलेली होती. आधी सोड्याच्या पाण्याने कोबा धुवायचा, मग दगडाने उंचवटे घासून काढायचे, चिरांत सिमेंटचा पातळ राबडा भरून तो वाळू द्यायचा. मेणबत्त्यांचे उरलेसुरले तुकडे रॉकेलमध्ये वितळवून, त्यात लाल रंग कालवून तो लेप चढवायचा. त्यानंतर खरा सोहळा सुरू होई. उजव्या पायाखाली ब्रश बांधून, कंबर हलवत लोम्बे खोलीभर असा काही घसरत फिरे की खिडकीबाहेर गर्दी जमे. शेवटी जुन्या घोंगडीच्या तुकड्यावर उभे राहून तोच नाच पुन्हा, या वेळी हळुवार.

त्याच्या कामाविषयी बऱ्याच कथा सांगितल्या जातात, आणि त्या तपासून घेतलेल्या बऱ्या. बाजारातल्या न्हाव्याच्या दुकानाचा कोबा त्याने असा गुळगुळीत केला की गिऱ्हाईकाची चाकांची खुर्ची अर्ध्या दाढीसकट घरंगळत थेट बसथांब्यापर्यंत गेली, असे लोक आजही छातीठोकपणे सांगतात. दुकानाच्या उंबऱ्याची उंची लक्षात घेता हे संभवत नाही. खुर्ची उंबऱ्यालाच अडली असावी. गिऱ्हाईक पुढे गेले असेल.

खाणीने घरे भाडेकरूंच्या नावावर केली आणि लोम्बेचे दिवस पालटले. इतकी वर्षे कंपनीचा असलेला कोबा एकाएकी आपला झाला, आणि शेजारणीपेक्षा तो जास्त चकाकला पाहिजे अशी ईर्षा वस्तीत शिरली. त्या ईर्षेत सर्वांत पुढे होती बाना बेसा, म्हणजे बेसाची आई. आईला पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारण्याची रीतच असल्याने तिचे स्वतःचे नाव कुणाला आठवत नव्हते.

"हे बघ लोम्बे," तिने बजावले, "शेजारणीच्या कोब्यात तिला तिचं तोंड दिसतं. मला माझ्या कोब्यात तोंडातले दात दिसले पाहिजेत."

"मावशी, ते दात किती उरलेत त्यावर आहे."

"जीभ आवर आणि पाय चालव!"

पाय चालवत असतानाच, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारात, ओल्या लाल मेणावर लोम्बेला एक मुलगी दिसली. डोक्यावर बादली घेतलेली आणि उलटी. ती बेसा होती.

"तू काय सदानकदा खालीच बघून बोलतोस का रे?" तिने विचारले.

"वर बघितलं तर तू सुलटी दिसशील. मला सवय नाही."

बेसा हसली, बादली हिंदकळली, पाणी मेणावर सांडले. तेवढा भाग लोम्बेला पुन्हा करावा लागला आणि त्याने तो आनंदाने केला. नंतरही तो त्या दारापासून हलेना.

"अरे, बाकीच्या खोलीने काय घोडं मारलंय?" बाना बेसा ओरडली. "दारातच काय नाचतोयस मघापासून?"

"इथे येणंजाणं जास्त, मावशी. मेण जास्त मुरवावं लागतं."

धंद्याच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक होते. परिणामी त्या दारातला कोबा वस्तीतला सर्वांत चकचकीत कोबा ठरला.

पुढे रीतीप्रमाणे न्कोले काका मध्यस्थ म्हणून झाकलेली थाळी घेऊन बेसाच्या घरी गेले. थाळी ठेवून घेतली गेली, म्हणजे मागणीवर विचार होणार, आणि त्या क्षणापासून बाना बेसा लोम्बेसाठी अदृश्य झाली. जावयाने सासूचे तोंड पाहायचे नाही, सासूने जावयाचे पाहायचे नाही. वाटेत गाठ पडली तर दोघांनी दोन दिशांना पळायचे. काल जिच्याशी दातांवरून वाद घातला, तिच्यासाठी आज लोम्बेला भर बाजारात गटारात उडी मारावी लागली. तीही कोबीच्या ढिगामागे बसून राहिली, आणि कोबीवालीने तिला "किलोभर देऊ का?" असे विचारून घेतले.

मुलाला घरी बोलावण्याचा दिवस उजाडला. निर्णय बेसाच्या मामाच्या हाती होता. हा सांपा मामा खाणीतून निवृत्त झालेला, भुवया जाड, हसू पातळ. आदल्या वर्षी आलेल्या मुलाला त्याने बैठकीत जांभई दिली म्हणून परत पाठवले होते. लोम्बेने सकाळपासून चार वेळा तोंड उघडून जांभया संपवून घेतल्या होत्या. बेसा मिळणार की नाही, हे आता त्या बैठकीत गप्प बसण्यावर होते.

"मान खाली," न्कोले काकांनी दारात कानात सांगितले.

"ते मला शिकवू नका, काका."

लोम्बे बुटक्या स्टुलावर बसला. समोर स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर राहिलेला. पडद्यामागे, तितक्याच अंतरावर, तितक्याच बुटक्या स्टुलावर बाना बेसा बसली होती. पाहुण्यांआधी खायचे नाही ही रीत तिला सकाळपासून छळत होती, म्हणून तिने आत्ताच चुलीवरचे एक अख्खे रताळे तोंडात घातले होते. ते भलतेच गरम निघाले. बैठकीत शांतता असल्याने तिला ते थुंकता येईना, गिळताही येईना. तिनेही मर्यादेने मान खाली घातली.

लोम्बेने आपल्या कोब्याकडे समाधानाने पाहिले. नजर पडद्याखालच्या त्या लाडक्या जागेवर गेली. तिथे, लाल चकाकीत, उलटी बाना बेसा होती. गाल भोपळ्याएवढे, ओठांवर साल, डोळ्यांत पाणी, नाकातून वाफ. तिचीही नजर नेमकी तिथेच होती. दोघांची दृष्टादृष्ट झाली.

लोम्बे फिस्सकन हसला.

"कोण हसलं?" सांपा मामाच्या भुवया एकत्र आल्या.

"खोकला हो, खोकला," न्कोले काका घाईने म्हणाले.

"न्कोले, उभा जन्म खाणीत गेला माझा. मला खोकला ओळखता येतो. तुमच्या पोराला आमच्या घरात हसू कशाचं आलं?"

लोम्बेने मनात हिशेब केला. सासूचे तोंड पाहिले म्हणावे तर लग्न मोडले. उगाच हसलो म्हणावे, तरी मोडले. राहता राहिला कोबा.

"मामा, मी... मी कोब्याला हसलो. ते दारातलं काम... कच्चं झालंय. मेण नीट मुरलेलं नाही." हे शब्द त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघत होते, आणि त्याच्या उजव्या पायात गोळा आला.

सांपा मामा उठला, दाराशी जाऊन वाकला. "मला तर यात माझ्या नाकातले केस दिसतायत."

"दिसतात, पण अंधुक, मामा."

"असेल बुवा. ज्याचं काम त्याला कळतं." मामाच्या भुवया सुटल्या. "स्वतःची चूक कबूल करणारा पोरगा दिसतोय. बरं, पुढचं बोलू."

न्कोले काकांनी सुस्कारा टाकला. पडद्यामागून घटकन काहीतरी गिळल्याचा आवाज आला.

"कच्चं?" बाना बेसा गरजली. "कुणाचा कोबा कच्चा? अख्खी गल्ली येते माझा कोबा बघायला! आत्ता या कोब्यात मला त्याची बत्तिशी दिसली, अक्कलदाढेसकट! कच्चा असता तर दिसली असती?"

खोलीत अशी शांतता पसरली की चुलीवरची रताळी ऐकू येऊ लागली.

"म्हणजे तू त्याला पाहिलंस," मामा सावकाश म्हणाला.

"मी कुठं पाहिलं? कोब्याने दाखवलं!"

आपल्या कामाची बाजू कुणीतरी घेतली हे ऐकून लोम्बेचे भान सुटले. "मावशी म्हणतात ते खरंय मामा, काम एकदम पक्कं आहे! मला तर रताळ्याची सालसुद्धा दिसली!"

आतून बेसाचे हसू फुटले आणि काहीतरी भांडे खाली पडले.

न्कोले काकांनी घसा खाकरला. मध्यस्थाला अशाच वेळेसाठी नेमतात. "सांपा भाऊ, विचार करा. रीत काय म्हणते? मान खाली घाला. दोघांनी घातली. रीत पाळताना जे दिसलं, त्याचा दोष पाळणाऱ्यांवर कसा येईल? दोष कोब्याचा."

मामाने कोब्याकडे रागाने पाहिले. कोब्यातून मामाने मामाकडे रागाने पाहिले. ते पाहून त्याचे पातळ हसू किंचित जाड झाले.

"ठीक. मुलगा पसंत. पण जावयाला घरात घेऊन सासूचं तोंड दाखवण्याचा विधी होईपर्यंत हा कोबा चटईने झाकायचा."

"चटई?" पडदा थरथरला. "माझ्या कोब्यावर? किती दिवस?"

"दिवस कसले? दोनतीन वर्षं. एखादं नातवंड होईपर्यंत. रीतच आहे."

पडदा बराच वेळ विचार करत राहिला.

"विधी रविवारी करा," बाना बेसा म्हणाली.

"अगं, आधी लग्न तर होऊ दे पोरांचं!"

"मग लग्न शनिवारी करा."

लग्न खरोखर त्याच शनिवारी झाले असे गल्लीत सांगतात. स्वयंपाकाचा व्याप पाहता ते पुढच्या शनिवारी झाले असावे. रविवारी मात्र चटई उठली याविषयी दुमत नाही. मक्याच्या पिठाच्या वाफाळत्या न्शिमाचे गोळे, सुकी मासळी आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी समोर मांडून, सगळ्या बायकांच्या देखत सांपा मामाने लोम्बेला सांगितले, "आता मान वर कर. सासूकडे सरळ बघ."

लोम्बेला ते सोपे गेले नाही. मानेतून कटकन आवाज आला. त्याने बाना बेसाकडे नीट, निरखून पाहिले आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही सुलट्या अशा दिसता होय?"

"खाली बघ," बाना बेसा म्हणाली. "तुझ्या पायाखाली भाजीचं तेल सांडलंय."