कडक उपासाचं मयूरासन

आप्पासाहेबांचे पाय सतरंजीवरून सुटले, शरीर आडवं तरंगलं, पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला ढेकर ऐकू आला. पाठोपाठ शेंगदाण्याच्या आमटीचा वास.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती. मी कल्याणच्या एका शाळेत ड्रिल टीचर होतो. नोकरी टेम्पररी. डोंबिवलीत नुकतंच बिऱ्हाड केलेलं. आप्पासाहेब मॅनेजिंग कमिटीचे चेअरमन; मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे त्यांच्या हातात. ते माझ्याकडे आसनं शिकत. नव्या व्यायामशाळेच्या उद्घाटनाला स्वतः मयूरासन करून दाखवायचं, हा त्यांचा हट्ट.

मयूरासन म्हणजे तळहात जमिनीवर, बोटं पायांकडे, कोपरं बेंबीपाशी रोवायची आणि सगळं अंग काठीसारखं आडवं तोलायचं. मनगटं बळकट होतात, पचन सुधारतं. पण भार सगळा पोटावर. रक्तदाब, हर्निया, अल्सर असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आप्पासाहेबांना डॉक्टरांनी पास केलं होतं. मी एवढंच बजावलं होतं, "उपाशीपोटी करायचं हं."

त्यांनी उद्घाटनाची तारीखच बदलून एकादशी धरली.

स्टेजवर जाण्याआधी मी विचारलं होतं, "पोट रिकामं आहे ना?"

"मास्तर, आज कडक उपास आहे."

मी निश्चिंत झालो होतो.

आता तरंगणाऱ्या आप्पासाहेबांचा चेहरा पांढरा पडत चालला. मी धावत जाऊन छातीखाली हात घातला, त्यांना खाली टेकवलं आणि विंगेत नेलं. तिथे बादलीत कडक उपास बाहेर आला. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस.

हेडमास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, "तुमचं काही खरं नाही."

मलाही तसंच वाटलं. बायकोला काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागलो.

आप्पासाहेबांनी चूळ भरली. "मास्तर, माझा उपास मोडला का हो?"

घाबरलेला माणूस खरं बोलून जातो. "नाही, आप्पासाहेब. आत्ता सुरू झाला."

ते हसले नाहीत. कमिटीच्या पुढच्या मीटिंगनंतर त्यांनी मला बोलावलं आणि हातात नारळ ठेवला. मी नारळाकडे बघत राहिलो.

"असे बघताय काय? गणपतीपुढे फोडा. कायम झालात."

तेव्हापासून मी कुणालाही 'उपाशीपोटी या' म्हणत नाही. सकाळपासून काय काय खाल्लं, ते विचारतो. एकादशीला उत्तर जरा लांबतं.