आदळलेली पेंढी

खांडबाऱ्याजवळच्या एका चर्चमध्ये मी हंगामाच्या सणाला गेलो होतो. शेतातलं पहिलं आणि चांगलं ते देवाला द्यायचं, त्यालाच प्रथमफळ म्हणतात. आणि लोकांनी टेबलावर ठेवलं काय, तर बाजारात न खपलेले भोपळे आणि किडकी वांगी! माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात एक अनोळखी म्हातारी नव्या भाताची पेंढी घेऊन पुढे आली. तिनं ती ठेवली नाही, आदळलीच. मग खाली बसून सांडलेला दाणा न् दाणा वेचला आणि परत टेबलावर ठेवला. आमच्याकडे देवाला दिल्याशिवाय नवं धान्य कुणी चाखत नाही.

पाळक सांगत होते, "मेलेल्यांतून उठलेला ख्रिस्त हेच प्रथमफळ. तो उठला, तशी आपली माणसंही उठतील."

म्हातारी फणकाऱ्यानं बाहेर पडली. मी मागोमाग गेलो. "आजी, एवढा राग कुणावर?"

"त्याच्यावरच! पहिली लोंबी पिकली की मागोमाग सगळं शेत पिकतं. हा एकटाच उठून बसला. माझी पोर अजून मातीतच आहे."

माझा भोपळ्यांवरचा राग जागीच विझला.

"मग पेंढी कशाला आणतेस?"

"दर साली आणते आणि त्याच्या पुढ्यात आपटते," ती म्हणाली. "बाकीचं शेत राहिलंय, हे त्यानं विसरायला नको."